नोकरी सांभाळून एम.कॉम. करतेय, त्यासाठी लावलेली जळगावातली अभ्यासिका: आठ महिन्यांचा अनुभव

जळगावातल्या अभ्यासिकांबद्दल जे काही वाचायला मिळतं ते सगळं एमपीएससी नाहीतर पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरापोरींनी लिहिलेलं असतं, एसी आहे का, वायफाय कसं आहे, चोवीस तास उघडी असते का, एवढंच. मी मागच्या सप्टेंबरमध्ये शोधत होते तेव्हा नोकरी करून पीजी करणाऱ्या कुणी लिहिलेली एक ओळसुद्धा सापडली नव्हती, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. अभ्यासिकेचं नाव लिहीत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत आणि तिथले काका भले माणूस आहेत. गणेश कॉलनीच्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावर, साधारण सत्तर जागा.

आधी माझं सांगते म्हणजे कुणाला उपयोगाचं आहे ते कळेल. वय ३१, एमआयडीसीत चटईच्या कंपनीत अकाउंट्सला आहे, नऊ वर्षं झाली. मुलगा सीनियर केजीत. बी.कॉम. झाल्या झाल्या एम.कॉम. करायचं होतं पण तेव्हा नोकरी लागली, मग लग्न, मग मुलगा, राहूनच गेलं. मागच्या वर्षी मुक्त विद्यापीठातून अ‍ॅडमिशन घेतली. बऱ्याच जणी मला विचारतात की बाहेरून केलेल्या डिग्रीला किंमत असते का, तर मान्यता असलेल्या विद्यापीठाची दूरशिक्षणातली पदवी ही रेग्युलर पदवीच्या बरोबरीची धरायची हे यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२२ मध्ये स्पष्ट केलेलं आहे, फक्त अ‍ॅडमिशन घ्यायच्या आधी त्या विद्यापीठाचं आणि त्या कोर्सचं नाव यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या यादीत आहे का ते स्वतः बघा, एजंटच्या तोंडावर विश्वास ठेवू नका.

घरी अभ्यास होईल असं मला वाटलं होतं. नाही झाला. सहाला सुट्टी, साडेसहा-पावणेसातला घरी, मग स्वयंपाक, मुलाचा होमवर्क, जेवणं, भांडी, आणि दहाला पुस्तक उघडलं की सव्वादहाला डोळे मिटायला लागायचे. दीड महिना हेच चाललं होतं आणि कॉस्टिंगचा, म्हणजे उत्पादनाचा खर्च काढायच्या विषयाचा, पहिला युनिटसुद्धा संपला नव्हता.

मग एका रविवारी बसून तासांचं बजेट मांडलं, जसं ऑफिसात खर्चाचं मांडतो तसंच. मुक्त शिक्षणात एक क्रेडिट म्हणजे सगळं धरून तीस तासांचा अभ्यास मोजतात. माझे पेपर चार, प्रत्येक चार क्रेडिटचा, म्हणजे एका पेपरला १२० आणि चारांचे ४८० तास. ऑक्टोबर ते मे आठ महिने. महिन्याला साठ. म्हणजे रविवार सोडून रोज सव्वादोन तासांच्या वर, आणि तेही जागेपणी. हा आकडा वहीत लिहिला तेव्हा पोटात गोळा आला पण एक बरं झालं, घरी हे होणार नाही हे त्याच दिवशी कळलं.

आमच्या आत्या म्हणजे माझ्या सासूबाई अमळनेरकडच्या, घरात अहिराणीच बोलतात. मी भीत भीत विचारलं की संध्याकाळी तीन तास बाहेर बसून अभ्यास केला तर चालेल का. त्या भाजी निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "जाय वं माय, पोरले मी देखस." त्यांचं स्वतःचं शिक्षण चौथीपर्यंत झालेलं आहे. हे वाक्य मी आयुष्यभर विसरणार नाही. नवऱ्याने रात्रीची भांडी आणि मुलाला झोपवणं स्वतःकडे घेतलं. जी कुणी हे करायचं ठरवतेय तिने अभ्यासिकेची फी भरायच्या आधी घरच्यांशी हे बोलून घ्या, नाहीतर फी भरलेली आणि खुर्ची रिकामी असं होतं, मी तिथेच दोघीजणींचं झालेलं बघितलंय.

आता फी. फुल डे ९००, हाफ डे ६००, डिपॉझिट २०० वेगळं. हाफ डे दोन प्रकारचा, सकाळी सहा ते दोन किंवा दोन ते दहा. मी पोचणार साडेसहाला, म्हणजे दुपारच्या हाफ डेचे साडेचार तास मी वापरणारच नाही तरी पैसे पूर्ण. काकांना सरळ सांगितलं की काका मी नोकरी करते, मला साडेसहा ते दहा एवढीच जागा पाहिजे, दुपारी तीच जागा तुम्ही दुसऱ्या कुणाला द्या. त्यांनी जरा विचार केला आणि ४५० म्हणाले. हा रेट बोर्डावर लिहिलेला नाहीये. नोकरीवाल्यांनी विचारल्याशिवाय मिळत नाही म्हणून मुद्दाम लिहितेय, बाकीच्या अभ्यासिकांमध्येही विचारून बघा, संध्याकाळी जागा भरायला त्यांनाही माणसं पाहिजेच असतात.

आता मुख्य मुद्दा, जो मला कुणीच सांगितला नव्हता. या अभ्यासिका वाचणाऱ्यांसाठी बनवलेल्या आहेत, लिहिणाऱ्यांसाठी नाहीत. स्पर्धा परीक्षेची पूर्व परीक्षा म्हणजे पर्यायाचे गोल काळे करायचे, त्यामुळे पोरं पुस्तक समोर ठेवून वाचतात, बाजूला मोबाईल, झालं. केबिन त्याच हिशेबाने केलेली, जेमतेम दोन फूट रुंद, दोन्ही बाजूंना प्लायची भिंत. आपल्या एम.कॉम.ला तीन तास हाताने लिहायचं असतं. कॉस्टिंगचं एक गणित घ्या, डावीकडे प्रश्न, मधे वही, वर्किंग नोट्सला वेगळा कागद, उजवीकडे कॅल्क्युलेटर, हे दोन फुटात मावतच नाही, कोपर प्लायला घासतं आणि पलीकडचा मुलगा दचकून बघतो. पहिले पंधरा दिवस मी वही मांडीवर घेऊन गणितं सोडवली. मान आणि पाठ दोन्ही गेली.

सोळाव्या दिवशी काकांकडे परत गेले. हॉलच्या मागच्या भिंतीला एक जुनं लाकडी टेबल होतं, चार फुटांचं, त्यावर वर्तमानपत्रांचे गठ्ठे आणि पाण्याचे जार ठेवलेले. म्हटलं काका मला हे द्या. ते म्हणाले मॅडम त्याला पार्टिशन नाही, चार्जिंग पॉइंट नाही, कुणी घेत नाही ते. मी म्हटलं मला तेच पाहिजे. दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर टेबल पुसलेलं, वर ट्यूबलाइट लावलेली आणि चिकटपट्टीने "टेबल ३" असा कागद. पहिलं दुसरं टेबल कुठंय ते मला अजून माहीत नाही, पण या माणसाबद्दल माझं मत त्या दिवशी पक्कं झालं.

लिहिण्याचं अजून एक. नऊ वर्षं टॅलीवर, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर, काम केल्यावर हाताने लिहायची सवयच मोडते, सही आणि व्हाउचरवरच्या दोन ओळी सोडल्या तर पेन लागतोच कुठे. पहिल्या आठवड्यात अर्ध्या तासात अंगठ्याच्या खालची बाजू दुखायला लागायची, अक्षर खाली उतरायचं. मग रोज पहिली चाळीस मिनिटं फक्त लिहायची असं ठरवलं, उत्तर पाठ असो नसो, पुस्तकात बघून का होईना पण पानं भरायची. डिसेंबरमध्ये कुठे तासभर सलग लिहिता यायला लागलं आणि मार्चपर्यंत दोन तास. ज्यांची पदवी होऊन पाच-सात वर्षं झालीत त्यांना माझं कळकळीने सांगणं आहे, अभ्यास नंतर सुरू झाला तरी चालेल पण हात आधी सुरू करा. आणि खुर्ची बिनहाताची निवडा, हाताच्या खुर्चीत टेबलाजवळ सरकता येत नाही.

शांतता. इथे थोडी तक्रार आहे. साडेसहा ते साडेसात हॉल अर्धा रिकामा असतो, पोरं चहाला नाहीतर ग्राउंडवर गेलेली असतात, तो तास सोन्यासारखा. आठनंतर सगळे परत येतात आणि कुजबुज सुरू. मोठ्याने कुणी बोलत नाही पण मोबाईल टेबलावर ठेवून व्हायब्रेटवर असतो, प्लायवर तो असा घरघरतो की चार केबिनला ऐकू जातं. काकांनी बोर्ड लावलाय, मोबाईल बॅगेत, पण बोर्डाकडे बघणारं कुणी नाही आणि संध्याकाळी काका स्वतः खाली दुकानात असतात. मी दोनदा बोलले, चार दिवस फरक पडला, परत तेच. इथे संध्याकाळी एक माणूस हॉलमध्ये बसायला हवा, यात त्यांनी सुधारणा केलीच पाहिजे.

आणि माझी स्वतःची अडचण वेगळी होती, ऑफिसचे फोन. आमच्या कामाला तारखांची साखळी असते, सातला टीडीएस भरायचा, अकराला जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी रिटर्न), पंधराला पीएफ आणि ईएसआय (कामगार विमा), वीसला थ्रीबी (जीएसटी भरायचं महिन्याचं रिटर्न). म्हणजे पाच ते अकरा आणि सतरा ते वीस या दिवसांत मी साडेसहाला पोचेन याची काही खात्री नाही, आणि पोचले तरी शेठचा फोन येतो की ताई अमुक पार्टीचं इनपुट (खरेदीवरच्या जीएसटीची वजावट) का दिसत नाहीये. जिन्यात उभं राहून मी कितीतरी वेळा मोबाईलवर पोर्टल उघडून उत्तरं दिलीत. सुरुवातीला यात फार जीव जायचा, वाटायचं आपण ना धड ऑफिसात ना धड अभ्यासात. नंतर मी टाइमटेबल आठवड्याचं करायचं सोडूनच दिलं, महिन्याचं केलं. एकवीस ते चार या दोन आठवड्यांत नवीन, अवघड युनिट घ्यायचे, बारा ते सोळा गणितांचा सराव, आणि रिटर्नच्या दिवसांत फक्त गृहपाठ उतरवणं किंवा नुसतं वाचणं, आणि नाही जमलं तर नाही, मनाला लावून घ्यायचं नाही. ज्यांचं काम शिफ्टचं आहे, हॉस्पिटलचं आहे, त्यांची साखळी वेगळी असेल, पण आपली साखळी कागदावर काढा आणि मग अभ्यास त्यात बसवा. रोज सारखाच अभ्यास होईल असं धरून चाललं की दुसऱ्याच आठवड्यात धीर सुटतो.

मार्च तर काय सांगू. वर्षअखेर, स्टॉक मोजणी, पार्ट्यांचे बॅलन्स जुळवणं, अख्ख्या महिन्यात माझे अकरा तास झाले. साठपैकी अकरा. काकांना एक तारखेलाच सांगितलं होतं की या महिन्यात मी फार येणार नाही, तर ते म्हणाले टेबल ठेवतो, तुम्ही निम्मे द्या. २२५ रुपये घेतले. बाकी ठिकाणी मी ऐकलंय की एक महिना नाही भरला की जागा गेली आणि डिपॉझिट पण गेलं. एप्रिलमध्ये जरा श्वास घेता आला, मार्चचा टीडीएस भरायला तीस एप्रिलपर्यंत मुदत असते ना, तेवढाच आधार.

उन्हाळ्याचं लिहायलाच पाहिजे कारण जळगाव आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा संध्याकाळी साडेसहालासुद्धा गाडीच्या सीटला हात लावता येत नाही, एमआयडीसीतून अजिंठा चौफुली, इच्छादेवी, आकाशवाणी चौक करत येईपर्यंत स्कार्फच्या आत तोंड भाजून निघतं. अभ्यासिका दुसऱ्या मजल्यावर, वर थेट गच्ची, स्लॅब रात्री नऊपर्यंत तापलेला. एसी फक्त पुढच्या केबिनच्या खोलीत आहे आणि त्याचे २०० जास्त. हॉलमध्ये दोन मोठे डेझर्ट कूलर. आपल्याकडच्या कोरड्या उन्हात कूलर छान चालतो, माझी काही तक्रार नाही, फक्त त्याच्या समोर बसू नका, वहीचं पान सादळतं आणि जेल पेनची शाई पसरते, बॉल पेन वापरा. पाऊस सुरू झाल्यावर मात्र कूलर लावला की चिकचिक, बंद केला की घाम. लाइट गेली तर इन्व्हर्टरवर ट्यूब आणि पंखे दोन तास चालतात, कूलर नाही.

बायकांसाठी म्हणून वेगळं सांगते. मुलींचं वॉशरूम वेगळं आहे, आतून कडी नीट लागते, पाणी असतं, रविवारी मात्र साफ होत नाही. जिन्यात आणि खाली पार्किंगला लाइट आहे, कॅमेरा आहे. रात्री दहाला निघताना काका दुकानाचं शटर ओढत असतात, पोरी गाड्या काढून निघाल्याशिवाय ते जात नाहीत. गल्ली वस्तीतली आहे, रस्त्यावर माणसं असतात. मी आठ महिन्यांत एकदाही घाबरले नाही, आणि दहा वाजता एकटीने घरी जाणाऱ्या बाईसाठी ही गोष्ट वायफायपेक्षा मोठी आहे. वायफाय बाय द वे ठीकठाक, आठनंतर सगळे लेक्चर लावून बसतात तेव्हा अडकतं, मी ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत डाउनलोड करून आणते.

पहिल्या महिन्यात सगळ्या पोरी मला मॅडम म्हणायच्या, त्यांना वाटायचं मी कुठे शिकवते. मला ते फार लागायचं, वाटायचं इथे आपण परक्या आहोत, बावीस-तेवीसची लेकरं सगळी. मग एकदा धरणगावकडची एक पोरगी, पोलीस भरतीची तयारी करतेय, माझी वही बघून म्हणे, "ताई, तुम्ही काय करून राहिल्या एवढं, मला टक्केवारीचं गणित समजावता का?" समजावलं. दुसऱ्या दिवशी तिने तिच्या डब्यातलं भरीत आणि कळण्याची भाकरी आणली. त्या दिवसापासून मॅडमची ताई झाले. तीच पोरगी सकाळी पाचला ग्राउंडवर सोळाशे मीटर, आठशे मीटर पळते, दिवसा एका दुकानात काम करते आणि संध्याकाळी इथे, माझ्यापेक्षा तिचं किती अवघड आहे. परीक्षेच्या आधी मी रडकुंडीला आले होते तेव्हा तिने माझ्या पुस्तकातल्या व्याख्या माझ्याकडून म्हणून घेतल्या, तिला त्यातलं काही कळत नसताना.

एक प्रसंग सांगायचाच आहे. फेब्रुवारीत स्टँडर्ड कॉस्टिंग घेतलं होतं, म्हणजे आधी ठरवलेला खर्च आणि प्रत्यक्ष झालेला खर्च यातला फरक काढायचा. समजा दाण्याचा, म्हणजे चटईला लागणाऱ्या प्लास्टिकच्या कच्च्या मालाचा, ठरलेला दर ९५ रुपये किलो आणि आपल्याला पडला १०१, माल वापरला दहा हजार किलो, तर फक्त दरामुळे साठ हजार जास्त गेले. आणि तेवढ्या चटईला खरं तर ९,७०० किलोच लागायला पाहिजे होता, म्हणजे तीनशे किलो जास्त वापरला, गुणिले ९५, हे २८,५०० वापरातले. एकूण फटका ८८,५००. गणित सोडवलं आणि मी टेबलावर तशीच बसून राहिले. नऊ वर्षं मी दाण्याची बिलं एंटर करतेय. महिन्याच्या शेवटी खर्च वाढला की शेठ म्हणतात दाणा महागला, प्रॉडक्शनवाले म्हणतात दाणा महागला, आणि मी पण तेच लिहिते. त्यातलं दराचं किती आणि वेस्टेजचं किती हे वेगळं काढता येतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन तीन महिन्यांचं काढलं. शेठने तो कागद दोनदा वाचला आणि प्रॉडक्शनच्या दादांना बोलावलं. आता तो तक्ता दर महिन्याला मीच करते. पगार वाढलेला नाही, पण मीटिंगला मला खुर्ची असते. ४५० रुपयांच्या टेबलावर हे झालं.

मेच्या शेवटी परीक्षा झाली. ४८० पैकी माझे ३४१ तास भरले, वहीत रोजची नोंद आहे. कॉस्टिंग आणि अर्थशास्त्र चांगले गेले, एका पेपरला शेवटचा प्रश्न अर्धा राहिला कारण वेळ संपला, हात नाही. निकाल अजून लागायचाय.

पाचपैकी चार देईन. मोबाईलचा त्रास आणि रविवारची अस्वच्छता यासाठी एक कापला, तो काकांनी मनावर घेतलं तर परत देईन. फक्त गोल काळे करायची परीक्षा असेल तर इथली केबिन मस्त आहे, डोळे झाकून घ्या. लिहायची परीक्षा असेल तर आधी जाऊन वही, कागद, कॅल्क्युलेटर सगळं मांडून बघा आणि मगच पैसे भरा. फी तीन महिन्यांची एकदम भरू नका, महिन्याची भरा.

मी जुलैपासून परत जातेय, काकांना सांगून ठेवलंय. टेबल ३ संध्याकाळी साडेसहा ते दहा माझं असतं. सकाळी ते रिकामंच आहे, कुणी नाइट ड्युटीवाली नर्स ताई किंवा दुपारच्या शिफ्टवाली कुणी पीजी करत असेल तर काकांना विचारा, ड्रॉवरमध्ये एक जास्तीची मोठी पट्टी आणि कोरे कागद ठेवलेत, बिनधास्त वापरा.